कपड्यामागचा रविवार

कॉलेजच्या फेस्टमध्ये आता एक तरी स्टॉल ‘सस्टेनेबल फॅशन’चा असतोच. ऑरगॅनिक कॉटनचे टी-शर्ट, जुन्या साड्यांच्या टोट बॅग, थ्रिफ्टचे कपडे. त्यावरच्या गप्पाही आता पाठ झाल्यात. एका कॉटन टी-शर्टसाठी कापसाच्या शेतापासून धरलं तर साधारण २७०० लिटर पाणी लागतं, रंगाचं पाणी नदीत जातं, पॉलिस्टर कुजत नाही. हे सगळं खरंच आहे. पण या गप्पांत कपडा येतो, कापूस येतो, नदी येते आणि एक जण हमखास राहून जातो. तो कपडा ज्याने विणला, शिवला, तो माणूस. त्याची ड्युटी किती तासांची होती? त्याला सुट्टी होती का? पगार वेळेवर मिळाला का?

हे प्रश्न आपल्याला नवीन वाटतात, कारण ते हल्ली परदेशी ब्रँडच्या रिपोर्टमधून आपल्यापर्यंत येतात. प्रत्यक्षात ते मुंबईत, मराठीतून, एकशे चाळीस वर्षांपूर्वी विचारले गेलेत. ते विचारणाऱ्या माणसाचं नाव नारायण मेघाजी लोखंडे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे नाव एका ओळीत माहीत असतं : भारतीय कामगार चळवळीचे जनक. ओळ पाठ होते, मार्क मिळतो, विषय संपतो. पण त्या ओळीमागचं आयुष्य फार इंटरेस्टिंग आहे. आणि आज कपड्यांच्या धंद्याबद्दल जे काही बोललं जातं, त्यातलं बरंचसं त्या आयुष्यात आधीच घडून गेलंय.

स्टोअरकीपरची खुर्ची

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. घर गरीब, फुलमाळी समाजातलं. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं कन्हेरसर. पोटापाण्यासाठी कुटुंब ठाण्यात आलं होतं. नारायण शिकला, मॅट्रिकपर्यंत पोहोचला. आज मॅट्रिक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेव्हा बहुजन घरातल्या मुलासाठी ती मोठी मजल होती. त्या शिक्षणावर आधी रेल्वेत, मग पोस्टात नोकरी मिळाली. पुढे मुंबईत मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले.

ही नोकरी नीट समजून घ्यायला हवी. स्टोअरकीपर हा साच्यावर उभा राहणारा कामगार नसतो आणि मालकही नसतो. गिरणीत काय माल आला, काय गेला, किती शिल्लक आहे, याची नोंद त्याच्याकडे. खुर्ची, टेबल, वही, ठरलेला पगार. डोकं खाली घालून काम केलं असतं तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण त्याच खुर्चीवरून गिरणीचं सगळं रूप दिसत होतं. माणसं किती वाजता आत येतात, किती वाजता बाहेर पडतात, कोण जखमी झालं, कोण परत आलंच नाही. मालाची नोंद ठेवणाऱ्या या माणसाने पुढे माणसांच्या हालांची नोंद ठेवायला सुरुवात केली.

सूर्य उगवला की पाळी सुरू

तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणायची तर थोडं मागे जावं लागतं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. त्यानंतर १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा आला आणि पुढच्या काही वर्षांत गिरण्यांची रांग उभी राहिली. १८९० च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांमध्ये साठ हजारांच्या घरात लोक काम करत होते. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून आलेली ही माणसं. बायका होत्या, मुलंही होती.

गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे पाळीची वेळ घड्याळ नाही, सूर्य ठरवायचा. उजाडलं की काम सुरू, अंधारलं की बंद. थंडीत दिवस लहान म्हणून दहा-अकरा तास. उन्हाळ्यात दिवस मोठा, मग काम तेरा-चौदा तासांपर्यंत लांबायचं. म्हणजे अंगाची सगळ्यात जास्त लाही होते, त्याच महिन्यांत सगळ्यात जास्त काम. जेवायला ठरलेली सुट्टी नसायची. साचा चालूच, शेजारच्याला लक्ष ठेवायला सांगायचं आणि दोन घास पोटात ढकलायचे.

हवेत कापसाचे बारीक तंतू सतत तरंगत असायचे. केसांवर, भुवयांवर, भाकरीवर आणि छातीतही. वर्षानुवर्षं ही धूळ श्वासातून गेली की जडणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला आज डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. तेव्हाच्या कामगाराकडे त्यासाठी दम आणि खोकला एवढेच शब्द होते. प्रदूषण म्हटलं की आपल्याला गिरणीची चिमणी आठवते. पण त्या धंद्याचं पहिलं प्रदूषण चिमणीतून बाहेर पडण्याआधी आतल्या माणसाच्या छातीत साठत होतं.

आणि सुट्टी? सण-उत्सवाच्या काही सुट्ट्या मिळायच्या, पण आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. गिरणी बंद असलेल्या दिवशीही अनेकदा यंत्रं साफ करायला कामगारांना बोलावलं जायचं. यंत्राला विश्रांती मिळायची, माणसाला नाही.

पगाराचीही गंमत होती, अर्थात मालकाच्या बाजूने. महिना भरला तरी त्या महिन्याचा पगार लगेच हातात पडत नसे. पुढच्या महिन्यातले कितीतरी दिवस तो गिरणीकडेच अडकून असायचा. मधल्या काळात वाणी उधारीवर, खोलीचं भाडं उधारीवर, सावकार दारात. नोकरी देणारा आणि काढणारा जॉबर, त्याला दस्तुरी वेगळी. केलेल्या कामाचे पैसे ज्याच्याकडे अडकलेत त्याच्याशी भांडायचं कसं? काम सोडायचं कसं? हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

पुण्याहून आलेला विचार

लोखंडे यांना हे सगळं फक्त वाईट वाटून थांबलं नाही, याचं कारण पुण्यात होतं. २४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लोखंडे त्यात सामील झाले आणि मुंबईत समाजाचं काम उभं करणाऱ्यांमध्ये पुढे राहिले. जन्मावरून कुणी मोठा-छोटा ठरत नाही, कष्ट करणाऱ्याला मान मिळाला पाहिजे, हा विचार तिथला. लोखंडे यांनी तो गिरणीच्या दारापर्यंत आणला. शेतात राबणारा आणि साच्यावर राबणारा हा एकाच घरातला माणूस आहे, हे त्यांना दिसत होतं. दुष्काळ पडला, सावकाराने जमीन खाल्ली, की गावातला शेतकरीच मुंबईत येऊन गिरणी कामगार होत होता.

सत्यशोधकांचं एक वृत्तपत्र होतं, ‘दीनबंधु’. कृष्णराव भालेकर यांनी ते १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलं होतं. पैशाअभावी ते चालवणं अवघड झालं. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा सुरू केलं आणि त्याच्या संपादनात स्वतःला झोकून दिलं. त्यासाठी गिरणीतली पक्की नोकरी सोडली. जाहिराती नाहीत, वर्गणीदार गरीब, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नाही. मीडियाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही विचारा, असा पेपर चालवणं म्हणजे तोट्याचा धंदा. तरी लोखंडे यांनी तो १८९७ मध्ये मरेपर्यंत चालवला. गिरणीतले अपघात, दंड, मुकादमांची दादागिरी, मुलांचे हाल या बातम्या तेव्हाच्या बड्या पेपरांत क्वचित यायच्या. ‘दीनबंधु’त त्यांना जागा होती.

जोतीराव आणि लोखंडे यांचं सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधु’त छापून आली आणि पुढची थांबली. मजकूर फार जहाल होता, पेपरवर संकट आलं असतं. जोतीराव यावर चांगलेच चिडले. पण कामगारांच्या सभेला जायची वेळ आली तेव्हा ते लोखंडे यांच्यासोबत उभे राहिले. मतभेद होऊनही काम थांबवायचं नसतं, हे दोघांनाही कळत होतं.

मँचेस्टरला आपली काळजी का?

आता गोष्टीतला सगळ्यात किचकट भाग. मुंबईच्या गिरण्यांसाठी कायदा हवा, असं म्हणणाऱ्यांत मोठा आवाज कुणाचा होता? इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा. त्यांच्या देशात कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आली होती. मुंबईत ती नव्हती. त्यामुळे मुंबईचं सूत आणि कापड स्वस्तात तयार होत होतं आणि मँचेस्टरचा धंदा मारला जात होता. मग त्यांना अचानक हिंदुस्थानातल्या गरीब मुलांचा कळवळा आला.

इकडच्या गिरणीमालकांनी हा डाव ओळखला आणि ओरड सुरू केली, की हा कायदा म्हणजे आपला उद्योग मारायचा कट आहे. राष्ट्रीय विचारांच्या अनेक वृत्तपत्रांनीही तीच बाजू घेतली. स्वदेशी धंदा वाचला पाहिजे, या भावनेपुढे कामगार मागे पडला. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे थोडे लोक १८७८ पासून कायद्याची मागणी करत होते, पण ते अल्पमतात होते.

अखेर १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, एवढीच त्याची मजल. कायदा फक्त शंभर आणि त्यापेक्षा जास्त माणसांच्या, यंत्रावर चालणाऱ्या कारखान्यांना लागू. मोठ्या बायका-पुरुषांसाठी त्यात काहीच नव्हतं.

हे ओळखीचं वाटतंय ना? आजही युरोपातले देश आपल्याकडून कपडा घेताना पर्यावरणाच्या आणि कामगारांच्या अटी घालतात, तेव्हा इथे हाच वाद होतो. एक बाजू म्हणते, हा त्यांचा धंद्याचा डाव आहे. दुसरी म्हणते, अटी बरोबर आहेत. दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं असतं. त्या भांडणात स्वतः कामगाराला काय हवंय, हे मात्र फार कमी लोक विचारतात.

लोखंडे यांनी नेमकं तेच केलं. ते मँचेस्टरच्या बाजूने बोलले नाहीत आणि मालकांच्याही नाही. ते कामगारांकडे गेले.

साडेपाच हजार सह्या

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या प्रश्नावर एक कमिशन नेमलं. मालकांची बाजू मांडणारे तिथे होतेच. कामगारांना स्वतःला कमी तास नकोत, ते खूश आहेत, असा सूर लावणं सोपं होतं, कारण कामगारांकडून कुणी बोलायलाच नव्हतं. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यातून एक अर्ज तयार झाला आणि त्याखाली सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या आणि अंगठे दिले. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना याच काळातली. भारतातल्या कामगार संघटनांची गोष्ट इथून सुरू होते असं मानलं जातं.

अर्जात मागण्या पाच होत्या. आज वाचताना त्या इतक्या साध्या वाटतात, की हे मागावं लागलं याचंच आश्चर्य वाटतं.

पहिली, दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुसरी, दुपारी जेवायला अर्धा तास. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. चौथी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. पाचवी, कामावर मोठी इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्या माणसाच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

यात पगारवाढ नाही, हे बघा. जास्त पैसे मागितले असते तर ते लोभी ठरवायला वेळ लागला नसता. लोखंडे यांनी वेळ मागितला. श्वास घ्यायला, जेवायला, बरं व्हायला आणि आठवड्यातून एकदा माणूस म्हणून जगायला.

रविवारच का, यामागेही विचार होता असं सांगितलं जातं. रविवार हा खंडोबाचा वार. गिरणीत येणारा बहुतेक कामगार खंडोबाला मानणारा. शिवाय सुट्टी फक्त झोप काढण्यासाठी नव्हती. त्या दिवशी माणसाने एकत्र यावं, समाजासाठी काही करावं, शिकावं, असं लोखंडे यांना वाटायचं. ज्याचा सगळा वेळ विकला गेलाय तो सभेला येणार कधी आणि पेपर ऐकणार कधी?

कमिशनचा अहवाल आला, पण कायदा लगेच बदलला नाही. अर्ज फायलीत गेला. इथे बरेच जण थकले असते.

१० जून १८९०

लोखंडे सहा वर्षं थांबले नाहीत. लिहीत राहिले, सभा घेत राहिले, पुन्हा अर्ज करत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला रेसकोर्सजवळ मोठी सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. मोबाइल नाही, पोस्टर छापायला पैसा नाही, आणि जमलेल्यांतल्या बहुतेकांनी येण्यासाठी रोज बुडवण्याचा धोका पत्करलेला. या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषण केलं. १८९० साली, भर मैदानात, हजारो पुरुषांसमोर गिरणीतल्या बाईने आपली मागणी मांडणं, ही बातमी आजही पहिल्या पानावर लागली असती.

सभेनंतर साप्ताहिक सुट्टीचा अर्ज थेट गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेला. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

कायदा अजून बदलला नव्हता. सरकारने हुकूम काढला नव्हता. मुंबईच्या कामगारांनी एकत्र येऊन मालकांकडून हा दिवस मिळवला. आपल्या कॅलेंडरमधल्या लाल रविवारामागे शाळा, ऑफिस, चर्च, सरकार अशा अनेक गोष्टी आहेत. पण कष्टकऱ्याच्या हक्काचा रविवार म्हटला, तर त्याची तारीख ही आहे.

त्याच वर्षी सरकारने नवं फॅक्टरी कमिशन नेमलं आणि त्यात मुंबईपुरते स्थानिक सदस्य म्हणून लोखंडे यांना घेतलं. गिरणीतून नोकरी सोडून आलेला माणूस आता कमिशनच्या टेबलावर बसला होता. १८९१ मध्ये नवा कायदा आला. सगळ्यांना आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, स्त्रियांना दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास, नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास. अर्जातल्या पहिल्या दोन मागण्या कायद्यात उतरल्या.

जे मिळालं नाही तेही सांगायला हवं. मोठ्या पुरुषांच्या तासांवर मर्यादा आली नाही. उलट विजेचे दिवे आल्यावर सूर्याचा लगामही गेला आणि रात्रीपर्यंत साचे चालू लागले. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा यायला १९११ साल उजाडावं लागलं. आठवड्याला ४८ तासांचा नियम तर त्याच्याही कितीतरी नंतरचा. आणि लोखंडे यांची संघटनाही आजच्या अर्थाने युनियन नव्हती. सभासदांची वर्गणी नाही, फंड नाही, नियमावली नाही. बराच भार एका माणसावर आणि त्याच्या पेपरवर होता. त्यांच्या मृत्यूनंतर ते काम मंदावलं, हे त्यामुळेच.

गिरणीच्या बाहेर

लोखंडे फक्त गिरणीपुरते राहिले नाहीत. त्या काळात विधवांचं केशवपन करायची रूढी होती. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन हे काम आम्ही करणार नाही असं ठरवलं, त्यामागे सत्यशोधक विचार होता आणि लोखंडे यांचा पाठिंबा होता. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. गिरणगावही पेटलं. तेव्हा कामगारांना शांत करण्यासाठी, दोन्ही समाजांना एकत्र आणण्यासाठी ते फिरले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला. पहिले रुग्ण मांडवीत सापडले, म्हणजे जिथे लोखंडे यांनी कधी काळी नोकरी केली त्याच भागात. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले. गिरण्या ओस पडू लागल्या. चाळीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगाराला जायला जागा नव्हती, आणि सरकारी दवाखान्याची भीती वाटत होती. लोखंडे यांनी गरिबांसाठी मराठा हॉस्पिटल उभं करण्याच्या कामात स्वतःला घातलं. रोग्यांमध्ये वावरताना त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय पन्नासच्याही आत. साधारण महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले अशाच प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या.

आज मुंबईत परळला कामगारविषयक शिक्षण देणारी सरकारी संस्था त्यांच्या नावाने आहे. २००५ मध्ये पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. गिरण्या मात्र राहिल्या नाहीत. १९८२ च्या संपानंतर एकेक बंद होत गेली आणि जिथे साचे होते तिथे आता मॉल आहेत. ज्या जागेत कापड विणलं जायचं, तिथेच आपण सेलमध्ये कपडे घेतो.

पुन्हा २४ एप्रिल

महालक्ष्मीच्या सभेची तारीख २४ एप्रिल होती. कपड्यांच्या जगात ही तारीख आणखी एका कारणासाठी ओळखली जाते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ साव्हार इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ माणसं मेली. त्यातले बहुतेक जण तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांत काम करत होते. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. आला नाहीत तर पगार जाईल, अशी धमकी मिळाल्याचं वाचलेल्या कामगारांनी नंतर सांगितलं.

आता लोखंडे यांची चौथी मागणी परत वाचा. पगार वेळेवर मिळावा. कागदावर ती सगळ्यात किरकोळ वाटते. पण ज्याच्या केलेल्या कामाचे पैसे अडकलेत, तो माणूस तडा दिसूनही आत जातो, कारण नाही म्हणणं त्याला परवडत नाही. पगाराची तारीख हा हिशेबाचा प्रश्न नाही, जिवाचा प्रश्न आहे. आठवड्याची सुट्टी, जेवायची वेळ, इजा झाल्यावर पगार, या सगळ्यांतून एकच गोष्ट मिळते : नाही म्हणण्याची ताकद.

आणि हीच गोष्ट पर्यावरणालाही लागू होते. तमिळनाडूतलं तिरुप्पूर हे निटवेअरचं मोठं केंद्र. तिथल्या रंगाईच्या कारखान्यांनी नोय्यल नदीची वाट लावली आणि खाली राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून प्रकरण कोर्टात गेलं. २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने नियम न पाळणारे कारखाने बंद करायचा आदेश दिला. आपल्याकडे इचलकरंजी परिसरात पंचगंगेच्या प्रदूषणात कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या पाण्याचाही वाटा आहे. घाईची ऑर्डर, कमीत कमी भाव आणि ठरलेली तारीख आली की खर्च कुठे वाचवायचा? एकतर पाणी शुद्ध न करता सोडायचं, नाहीतर माणसाला जास्त तास राबवायचं. बरेचदा दोन्ही. नदीला तक्रार करता येत नाही. माणसाला येते, पण तेव्हाच, जेव्हा त्याचं पोट एका दिवसाच्या खाड्यावर अवलंबून नसतं. भिवंडीतल्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी आजही नवलाची नाही.

म्हणून लोखंडे यांची आठवण फक्त जयंती-पुण्यतिथीला काढून भागणार नाही. त्यांनी काम कसं केलं, ते जास्त उपयोगी आहे. आधी नोंद केली. मग ती लोकांच्या भाषेत छापली. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांनाच विचारलं आणि त्यांच्या सह्या घेतल्या. मोजता येतील अशा पाच गोष्टी मागितल्या. नकार आल्यावर सहा वर्षं तेच पुन्हा मागितलं.

आपण टी-शर्टच्या लेबलवर कॉटन किती टक्के आहे ते बघतो. पुढच्या फेस्टला त्या ‘सस्टेनेबल’ स्टॉलवर थांबाल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारून बघा : हा कपडा शिवणाऱ्याला आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी असते आणि पगार कोणत्या तारखेला होतो? उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं, तर ब्रँडला मेल टाकून विचारा, प्रोजेक्टसाठी जवळच्या एखाद्या कारखान्यात जाऊन विचारा. १८८४ च्या अर्जातले हे प्रश्न आहेत. जुने आहेत, पण अजून चालू आहेत.